अपस्माराची गोळी आणि घरचा काढा

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एक आरोग्यविषयक लेख द्यावा, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा अपस्मार, म्हणजेच आपल्या भागात ज्यास फेफरे, मिरगी किंवा नुसते ‘फिट येणे’ म्हणतात, त्या आजाराच्या औषधांविषयी लिहावयाचे ठरले. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आमच्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून दिलेले आणि प्रसिद्ध संशोधनातून वाचलेले तेवढेच येथे मांडले आहे.

अपस्माराच्या रुग्णाच्या घरी बहुधा दोन प्रकारची औषधे असतात. एक डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी : फेनिटोइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन किंवा व्हॅल्प्रोएट. दुसरे मायेपोटी आणलेले : शंखपुष्पीचे सिरप, ब्राह्मीच्या गोळ्या, त्रिकटू चूर्ण, कोणीतरी जत्रेतून आणून दिलेली पुडी. गोळी डॉक्टरांना दाखविली जाते. दुसरे दाखविले जात नाही, कारण घरच्यांच्या लेखी ते औषधच नव्हे. झाडपाल्याने काय अपाय होणार, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि सुशिक्षित घरेही तिला अपवाद नाहीत.

या संदर्भात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एक अभ्यास उद्बोधक आहे. फेनिटोइनने झटके आटोक्यात असलेल्या दोन रुग्णांना अनपेक्षितपणे पुन्हा झटके येऊ लागले. चौकशी केली असता दोघेही गोळीबरोबर शंखपुष्पीचे सिरप घेत असल्याचे आढळले. तेथील संशोधकांनी मग उंदरांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिली असता रक्तातील फेनिटोइनचे प्रमाण घटले आणि झटके रोखण्याची त्याची शक्तीही कमी झाली. विशेष म्हणजे, दोन्ही एकदाच एकत्र दिल्यावर रक्तातील प्रमाण बदलले नाही, तरीही गोळीचा प्रभाव मात्र उणावला. सबब केवळ रक्ततपासणी ठीक आली म्हणून निश्चिंत राहता येत नाही. याच प्रयोगात शंखपुष्पीमध्ये स्वतःचा असा झटकेविरोधी गुणही दिसून आला, हे येथे नमूद केले पाहिजे. आयुर्वेदाची अवहेलना करण्याचा या लेखाचा हेतू नाही. दोन गुणकारी वस्तू एकत्र आल्यावर परिणाम उणा होऊ शकतो, एवढेच सांगावयाचे आहे. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर मुलाची स्मरणशक्ती वाढावी म्हणून आईवडील जे सिरप विकत आणतात, ते बहुतेक वेळा हेच असते.

फेनिटोइनच्या बाबतीत इतकी काळजी का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रक्तात त्याचे प्रमाण साधारणतः दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. कमी पडले तर झटका येतो. जास्त झाले तर तोल जातो, डोळे थरथरतात, एकाचे दोन दिसतात, गुंगी येते. या औषधाचा निचरा यकृत करते, पण त्याची क्षमता मर्यादित असते. जिनिंगमध्ये यंत्रे पूर्ण चालू असताना कापसाच्या आणखी दोन गाड्या आल्या की बाहेरची रांग एकदम वाढते; तसेच येथे मात्रा थोडी वाढली तरी रक्तातील साठा पुष्कळ वाढतो.

हा दुसरा धोका मिरी आणि पिंपळी यांच्यातील पिपेरिन या द्रव्याने संभवतो. सुंठ, मिरी व पिंपळी मिळून त्रिकटू होते. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फेनिटोइन घेणाऱ्या रुग्णांना २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले असता रक्तातील फेनिटोइन वाढल्याचे आढळले. म्हणून कोणी आमटीतील चिमूटभर मिरी सोडावी, असे आमचे डॉक्टर सांगत नाहीत. प्रश्न आहे तो रोज चमच्याने घेतलेल्या चूर्णाचा.

नाव नसलेल्या पुडीविषयी मात्र सौम्य शब्द वापरणे कठीण आहे. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत फेनोबार्बिटोनसारखी ॲलोपॅथीची द्रव्ये मिसळलेली असल्याचे देशात यापूर्वी उघडकीस आले आहे. रुग्णाला गुण येतो तो त्या चोरून घातलेल्या द्रव्याचा, आणि पुडी संपली की झटके पूर्वीपेक्षा जोराने येतात. अपस्मार बरा करण्याची जाहिरात करणे हा औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अन्वये गुन्हा आहे. तरीही भिंतीवरच्या पाट्या आपण सारेच पाहतो.

याउलट, हा लेख वाचून कोणी घाईने गोळी बंद केली, तर ते अधिक घातक ठरेल. अपस्माराची गोळी अचानक थांबविल्यास शुद्धीवर न येता एकामागून एक झटके येऊ शकतात. झटका ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे. काढा, चूर्ण वा सिरप काहीही चालू असो, बाटली अथवा वेष्टन घेऊन यावे. त्यावरून काय चालू ठेवायचे व काय थांबवायचे हे डॉक्टरच ठरवितील. आयुर्वेदिक वैद्यांकडे जाणाऱ्यांनीही आपल्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांना दाखवावी.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. फडावर गोळ्या संपतात, मुकादम सुट्टी देत नाही, आणि शेजारच्या खोपीतला कोणी जडीबुटी देतो. म्हणून आमच्या बाह्यरुग्ण विभागात अपस्माराच्या केसपेपरवर दोन गोष्टी विचारून नोंदविल्या जातात : इतर कोणते औषध चालू आहे, आणि हंगामाला कोणत्या कारखान्यावर जाणार. उचल घेऊन निघण्यापूर्वी कुटुंबाने येऊन पुरेशा गोळ्या आणि औषधांची नावे व मात्रा लिहिलेली मराठी चिठ्ठी घेऊन जावी. ती कोणत्याही सरकारी दवाखान्यात दाखविता येईल. देणगीदारांच्या औषधनिधीतून ज्या गोष्टींवर खर्च होतो, त्यांत या गोळ्याही आहेत.