हाताने घडविलेली दुर्बीण

दूरच्या तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठी लागणारा आरसा घरीही घडविता येतो. काचेच्या दोन जाड तबकड्यांमध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून वरची तबकडी खालचीवर सतत घासली, की वरची अंतर्वक्र होते. तिला झिलई व मुलामा दिला जातो. १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा डोळ्याच्या सुमारे ४५० पट प्रकाश गोळा करतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने दुर्बीण त्याच गतीने उलट फिरवावी लागते. १८८३ साली इंग्लंडमधील हौशी निरीक्षक अँड्र्यू कॉमन यांनी घेतलेल्या मृगातील तेजोमेघाच्या छायाचित्रात डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. मात्र आकाश दिव्यांनी उजळलेले असल्यास हे श्रम व्यर्थ होत. रस्त्यावरील दिव्यांना वरून झाकण बसविणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे.