जिल्हा परिषद : रचना, कामे आणि आमची फरशी

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या तासाला 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा घटक सुरू झाला, तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी एक साधा प्रश्न विचारला. तालुक्याच्या गावी तहसील कचेरी असते आणि पंचायत समितीचीही कचेरी असते. एकाच तालुक्याला दोन कचेऱ्या कशाला? वर्गात कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. मलाही आले नाही. मात्र मला वडिलांची आठवण झाली. ह्या एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे त्यांचा चार दिवसांचा रोजगार बुडालेला मी पाहिला आहे.

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर आहे. मध्ये ओढा आहे व त्यावर सिमेंटची फरशी होती. २०२२ साली माझी दहावीची परीक्षा झाली आणि त्याच पावसाळ्यात ती फरशी वाहून गेली. वस्तीवरची लहान मुले पाणी उतरेपर्यंत शाळेला जाईनात. वडिलांनी माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला व ते तहसील कचेरीत गेले. तेथे सांगण्यात आले, "रस्ता आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या दिवशी ते सार्वजनिक बांधकाम खात्यात गेले. तेथील कारकुनाने विचारले, "रस्ता कोणता? प्रमुख जिल्हा मार्ग आहे का?" वडिलांना काय सांगावे ते कळेना. तिसऱ्या खेपेस कोणीतरी पंचायत समितीकडे बोट दाखवले. तेथे अर्ज घेतला, पोच दिली, आणि "रस्त्याला क्रमांक आहे का ते बघावे लागेल" असे सांगितले. चौथी खेप त्या क्रमांकासाठी झाली.

ह्या चारही ठिकाणी वडिलांशी कोणी उद्धटपणे बोलले नाही, हे मुद्दाम नमूद करते. अडचण निराळीच होती. जिल्ह्याचा कारभार दोन वेगळ्या वाटांनी चालतो आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली एकच वाट माहीत असते.

पहिली वाट महसुलाची. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी अशी ही उतरंड इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. सातबारा, फेरफार, शिधापत्रिका, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, पंचनामे ही कामे ह्या वाटेने होतात. येथे निवडून आलेला माणूस कोठेही नाही. दुसरी वाट जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत अशी. येथे प्रत्येक पायरीवर लोकांनी निवडून दिलेले सभासद असावेत अशी योजना आहे. तलाठी पहिल्या वाटेवरचा आणि ग्रामसेवक दुसऱ्या वाटेवरचा. (२०२४ साली दोघांचीही पदनामे बदलली, 'ग्राम महसूल अधिकारी' व 'ग्रामपंचायत अधिकारी' अशी ती झाली. आमच्या गावच्या तोंडी मात्र जुनीच नावे आहेत.)

ही दुसरी वाट एकाएकी तयार झाली नाही. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली. माझी आजी अजूनही जिल्हा परिषदेच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणते, त्याचे मूळ येथे सापडते. स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली व २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे त्याचा आरंभ झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा ह्या तीन भागांत स्थानिक कारभाराच्या तीन तऱ्हा होत्या. त्या एकत्र आणण्यासाठी वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीचा अहवाल १९६१ च्या मार्चमध्ये आला, त्यावरून १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्या वेळी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते.

परीक्षेत ह्या समितीवर टीप येते व आपण सनावळी पाठ करून पाच गुण मिळवतो. पण तिची खरी महत्त्वाची गोष्ट माझ्या मते दोन निर्णयांत आहे. मेहता समितीने भर तालुक्याच्या पातळीवर दिला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर दिला, कारण शाळा, दवाखाने, रस्ते चालवण्याइतका पैसा व तज्ज्ञ माणसे जिल्ह्याच्याच पातळीवर उभी राहू शकतात असे तिचे म्हणणे होते. दुसरा निर्णय याहून धाडसाचा. जिल्हाधिकाऱ्यांना तिने जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले आणि आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवले. जिल्ह्याच्या विकासाची सभा जिल्ह्याने निवडलेल्यांचीच असावी, हा त्यामागचा हेतू.

आता रचना थोडक्यात. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे सोडून राज्यातील ३६ पैकी ३४ जिल्ह्यांना जिल्हा परिषद आहे. ग्रामीण भागाचे 'गट' पाडतात व एका गटातून एक सभासद निवडून येतो. सभासदसंख्या ५० ते ७५ असते. प्रत्येक गटाचे पुन्हा दोन 'गण' असतात व प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सभासद जातो. म्हणूनच आपल्या घरची माणसे ह्या निवडणुकीत एकाच वेळी दोन मते देतात. पंचायत समित्यांचे सभापती जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सभासद असतात. मुदत पाच वर्षांची, अध्यक्षांची अडीच वर्षांची. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. प्रत्यक्ष काम समित्यांतून चालते. स्थायी समिती वरची, आणि तिच्याखाली अर्थ, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या.

अधिकाऱ्यांच्या बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. ते भारतीय प्रशासन सेवेतील असतात. त्यांच्या हाताखाली शिक्षणाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता वगैरे खातेप्रमुख व तालुक्याला गटविकास अधिकारी. ठराव सभेने करावा आणि अंमल अधिकाऱ्यांनी करावा, अशी ही विभागणी आहे.

सेवांचा विचार करू लागले तेव्हा मी थक्क झाले. माझ्या एकोणीस वर्षांतली किती वर्षे ह्या एका संस्थेच्या छपराखाली गेली! लहानपणीच्या लसी उपकेंद्रातील नर्सबाईंनी टोचल्या; उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखाली असते. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र व ३०,००० ला एक आरोग्य केंद्र असे प्रमाण आहे. डोंगरी व आदिवासी भागात ते ३,००० व २०,००० आहे. पुढे अंगणवाडी. माझी आई तेथेच मदतनीस आहे. खिचडी शिजवणे, मुलांना घरून आणणे, दर महिन्याला वजनकाट्यावर धरणे ही तिची कामे. कमी वजनाच्या मुलाचे नाव नोंदवहीत गेले की तिला घरी आल्यावरही चैन पडत नाही. त्या नोंदवहीतील आकडे अंगणवाडीतून पर्यवेक्षिकेकडे, तेथून प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात पोहोचतात, हे मला हा लेख लिहिताना समजले व मी आईलाही सांगितले. आजवर तिला कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर शाळा. राज्यात जिल्हा परिषदेच्या शाळा साठ हजारांच्या घरात आहेत. आमची शाळा दोन खोल्यांची व दोन शिक्षकांची. चार इयत्ता त्यांच्यात वाटलेल्या. एक गुरुजी पहिली-दुसरीला पाढे म्हणायला लावून तेवढ्यात पलीकडे टपालाची उत्तरे लिहीत. ह्या शाळांना नावे ठेवण्याची आता रीतच पडली आहे. उणिवा आहेतच, त्या मी भोगल्या आहेत. परंतु ज्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नाही, त्या घराला ही शाळा वस्तीपासून दीड किलोमीटरवर नसती तर दुसरी कोठली शाळा होती?

याखेरीज जनावरांचे दवाखाने, शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे पाझर तलाव व बंधारे, समाजकल्याणाच्या योजना ही कामेही आहेत. गोंधळ होतो तो सीमेवर. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, पण ग्रामीण रुग्णालय व जिल्हा रुग्णालय राज्य शासनाचे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, पण प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. त्या कारकुनाने विचारलेला प्रश्न म्हणूनच बरोबर होता.

पैशाची बाजू मात्र दुबळी आहे. जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा, गाळ्यांचे भाडे एवढेच स्वतःचे उत्पन्न. त्याला 'सेस फंड' म्हणतात. बाकी सारे शासनाच्या अनुदानावर, आणि ते बहुधा कशावर खर्च करायचे हे आधीच ठरलेले. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा निधी ज्या जिल्हा नियोजन समितीतून वाटला जातो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात व सचिव जिल्हाधिकारी. नाईक समितीने ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, ते अशा रीतीने तिजोरीपाशी येऊन बसले आहेत असे मला वाटते. केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा २०१५ पासून पाच वर्षे सरळ ग्रामपंचायतींना गेला. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात जिल्हा परिषद व पंचायत समितीला प्रत्येकी दहा टक्के मिळू लागले.

आता पुन्हा फरशीकडे. आमच्या वस्तीचा रस्ता यादीत सापडला. त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक होता. तेव्हा अभियंत्यांनी सांगितले की प्रस्ताव करू, पण कामांच्या यादीत नाव आले पाहिजे. ते यावे म्हणून गावकरी गटाच्या सभासदांकडे गेले. ते म्हणाले, "मी आता माजी आहे." खरेच होते. मार्च २०२२ मध्ये आमच्यासह राज्यातील पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व गटरचनेचा वाद न्यायालयात होता. निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे ठराव करणारे आणि अंमल करणारे एकच. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, तेव्हा मुदत संपून तीन वर्षे उलटून गेली होती.

ह्या काळात शाळा भरत होत्या, लसी टोचल्या जात होत्या, आईचे मानधन उशिरा का होईना येत होते. त्यामुळे काही कमी आहे असे गावात कोणाला फारसे जाणवले नाही. माझ्या मैत्रिणीने तर विचारले, "सभासद नसतानाही सगळे चालते, मग ते हवेत कशाला?" तिला मी फरशीची गोष्ट सांगितली. शाळा व दवाखाना हे रोजचे, ठरलेले काम. ते कचेरी चालवते. पण जिल्ह्यातल्या शेकडो मोडक्या फरश्यांपैकी आधी कोणती बांधायची, हे कोणीतरी सभेत उभे राहून भांडल्याशिवाय ठरत नाही. अधिकाऱ्यांना आमचा ओढा ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि तीन वर्षांनी त्यांची बदली होते. सभासदाला मात्र त्याच ओढ्यापलीकडे मते मागायला यावे लागते. मैत्रीण म्हणाली की सभासदही पाच वर्षांत एकदाच येतात. तेही खोटे नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून ओढ्यात तीन सिमेंटचे नळे टाकले व वर मुरूम पसरला. जोराचा पाऊस झाला की मुरूम वाहून जातो, पण मुले शाळेत जातात. पंचायत समितीने दिलेली पोच वडिलांनी शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. निवडून आलेला सभासद पहिल्यांदा वस्तीवर येईल तेव्हा ती दाखवायची, असे त्यांनी ठरवले आहे. मी तिच्या मागे ग्रामीण मार्गाचा क्रमांक पेनने लिहून दिला आहे.