बातमीदारी की माध्यमांचा अभ्यास?

प्रश्न : मराठी घेऊन बी.ए. झाले. पुणे विद्यापीठात माध्यमांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. कोणता विभाग निवडू?

उत्तर : फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग आहे; बातमीदारी, संपादन करायचे असेल तर तिकडेच जा. माध्यमांवर अभ्यास-संशोधन करायचे असेल, तर विद्यापीठाच्या आवारातल्या माध्यम व संज्ञापन अभ्यास विभागात एम.एस्सी. करता येते. कलाशाखेच्या आहात म्हणून बिचकू नका, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तिथे अर्ज करता येतो.

निवडीआधी एवढे कराच. एकच बातमी तीन दैनिकांतून कापून शेजारी ठेवा. मथळा, छायाचित्र, पहिला परिच्छेद, कोणाचे म्हणणे वगळले, हे वहीत उतरवा. त्यात रमलात तर अभ्यास-संशोधन तुमचे. स्वतः घटनास्थळी धावावेसे वाटले, तर रानडे.