सस्तन प्राणी कोणास म्हणावें?

एखाद्या प्राण्याचें कूळ आपण बहुतकरून त्याचें बाह्य रूप पाहून ठरवितों. पाण्यांत पोहतो तो मासा, आकाशांत उडतो तो पक्षी, आणि ज्याच्या अंगावर खवले तो घोरपडीचा व सुसरीचा सोयरा, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब तीन ठिकाणीं साफ चुकतो, आणि तिसऱ्या ठिकाणची चूक एका निरुपद्रवी प्राण्याच्या जिवावर बेतली आहे. म्हणून हा धडा लक्षपूर्वक वाचावा, व ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस वाचून दाखवावा.

१. लक्षणें. गाय, शेळी, कुत्रा, उंदीर, वानर व मनुष्य ह्यांस शास्त्रज्ञ एकाच वर्गांत घालितात. त्या वर्गाचें नांव सस्तन, म्हणजे स्तनांनीं युक्त. ह्या वर्गाचें मुख्य लक्षण हें कीं, मादी आपल्या शरीरांतील दुधानें पिलांचें पोषण करिते. दुसरें लक्षण केंस. ते दाट असोत वा विरळ, आयुष्याच्या कोणत्या तरी काळीं ते असतातच. तिसरें लक्षण डोळ्यांस दिसत नाहीं: कानाच्या आंत तीन बारीक हाडें असतात, व खालचा जबडा प्रत्येक बाजूस एकाच हाडाचा असतो. रक्त उष्ण असणें हें मात्र पक्ष्यांतही आढळतें; म्हणून केवळ तेवढ्यावरून निर्णय करितां येत नाहीं.

२. शाखा. आज पृथ्वीवर सस्तनांच्या सुमारें ६,५०० जाती ज्ञात आहेत. त्यांच्या तीन शाखा आहेत. पहिली शाखा अंडीं घालणाऱ्यांची. तींत अवघ्या ५ जाती उरल्या आहेत. ऑस्ट्रेलियांतील प्लॅटिपस हा त्यांपैकीं एक. त्याची चोंच बदकासारखी आहे. इ. स. १७९९ मध्यें जॉर्ज शॉ ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां कोणी लबाडीनें पशूच्या अंगास पक्ष्याची चोंच जोडली असावी, असा संशय त्यासही आला. प्लॅटिपसच्या मादीस स्तनाग्रें नाहींत. दूध कातडींतून पाझरतें व पिलें तें चाटून पितात. म्हणून अंडीं घालूनही तो सस्तनच होय. दुसरी शाखा कांगारूसारख्या पिशवीवाल्यांची. त्यांचें पिलूं फार अपक्व जन्मतें व बहुधा आईच्या पोटावरील पिशवींत वाढतें. तिसरी शाखा सर्वांत मोठी. तींतील मातांच्या उदरांत गर्भ वारेच्या द्वारें दीर्घकाळ पोसला जातो. आपल्या ओळखीचे सर्व सस्तन ह्याच शाखेचे.

३. देवमासा. ह्याच्या नांवांतच मासा आहे. स्वीडन देशचा प्रसिद्ध वर्गीकरणकार लिनियस ह्यानेंही इ. स. १७३५ मध्यें त्यास माशांत घातलें होतें. पुढें १७५८ मध्यें आपली चूक सुधारून त्यानें त्यास सस्तनांत आणिलें. देवमाशास कल्ले नसतात. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, व त्यासाठीं त्यास पाण्यावर यावें लागतें. मासा शेपूट डावीकडे उजवीकडे हालवितो. हा वरखालीं हालवितो. त्याच्या वल्ह्यांसारख्या अवयवांत बोटांचीं हाडें आहेत. हल्लीं जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा होय. गाय व शेळी हेही त्याचे दूरचे भाऊबंद.

४. वटवाघूळ. ह्यास पिसें नाहींत, चोंच नाहीं. त्याचा पंख म्हणजे त्याचा हातच. लांबच लांब बोटांमध्यें कातडीचा पातळ पडदा ताणलेला असतो. तें पिलांस जन्म देतें व दूध पाजतें. सस्तनांच्या एकंदर जातींपैकीं सुमारें पंचमांश जाती वटवाघळांच्या आहेत.

५. खवल्या मांजर. हा प्राणी आपल्या कोंकणांत व सह्याद्रीच्या रानांत राहतो. त्याचे खवले पाहून लोक त्यास सरपटणाऱ्यांत गणतात. परंतु त्याच्या पोटावर केंस असतात, मादी पिलास दूध पाजते, व पिलूं आईच्या शेपटीवर बसून हिंडतें. संकट आलें कीं आई पिलास पोटाशीं घेऊन चेंडूसारखी वेटाळून बसते. त्यास दांत नाहींत. लांब चिकट जिभेनें तें मुंग्या व वाळवी खातें. पाहा, वाळवी खाणारा हा प्राणी शेतकऱ्याचा वैरी कसा म्हणावा?

वेटाळून बसण्याची ही युक्ति वाघबिबट्यापुढें चालते, मनुष्यापुढें चालत नाहीं. तो सरळ उचलून पोत्यांत घालितो. खवल्यांत औषध आहे ह्या समजुतीनें त्याची चोरटी शिकार होते. पण खवला म्हणजे काय? आपलीं नखें व केंस ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचा तो बनला आहे. त्यांत रोग बरा करण्याचा गुण असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें; म्हणून मारलेल्यांची भरपाई लवकर होत नाहीं. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास मारणें व त्याचे खवले विकणें हा मोठा गुन्हा ठरविला आहे. २०१६ मध्यें जोहान्सबर्ग येथें भरलेल्या परिषदेंत राष्ट्रांनीं त्याच्या खवल्यांचा परदेशांशीं व्यापार बंद करण्याचें ठरविलें.

तेव्हां दलाल मोठ्या रकमेची लालूच दाखवील तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. आणि हा प्राणी विहिरींत पडलेला किंवा फांसांत अडकलेला दिसेल तर वनरक्षकास कळवावें. वस्तूचें खरें स्वरूप कळलें म्हणजे पुष्कळ खोटे समज आपोआप गळून पडतात.

प्रश्न: (१) सस्तनाचें मुख्य लक्षण कोणतें? (२) अंडीं घालूनही प्लॅटिपस सस्तन कां? (३) देवमासा मासा नव्हे हें कोणत्या गोष्टींवरून ठरतें? (४) खवल्या मांजराचा खवला कशाचा बनलेला आहे?