आधी दगड, मग सुरी

चांगली परदेशी सुरी किंवा पटाशी घ्यायची हौस असेल, तर पहिला पैसा सुरीवर घालवू नका. हजार नंबरचा एक पाण्याचा दगड आणा आणि घरात जी सुरी, कोयती, पटाशी पडलेली आहे तिला त्यावर धार लावून बघा. जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर तुमचे पैसे वाचले आणि एक चांगलं हत्यारही वाचलं. पिंगुळीत माझं छोटं सुतारकाम आहे. हौसेने मागवलेली आणि वर्षभरात वाट लागलेली हत्यारं लोक माझ्याकडे घेऊन येतात, त्यावरून हे सांगतोय. अशी वाट लागलेली काही हत्यारं माझ्या स्वतःच्या पेटीतही आहेत.

तसं परदेशी पोलाद आपल्याकडे नवं नाही. मराठ्यांच्या फिरंग तलवारीचं पातं युरोपातलं आणि मूठ इथली असायची. अलीकडचं बोलायचं तर कोकणातली माणसं मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपात राबली, बोटींवर गेली. त्यांच्या ट्रंकांतून शेफिल्डच्या कानशी आणि सोलिंगनचे वस्तरे गावागावांत पोचले. ती पिढी हत्याराचं नाव कौतुकाने घ्यायची, पण आधी ते वापरायची. आता उलट झालंय. खोका उघडतानाचं शूटिंग आधी होतं, कांदा नंतर चिरला जातो.

माझा भाचा नोकरीनिमित्त जपानला होता. येताना त्याने साकाईची एक सुरेख सुरी आणली. साकाई हे ओसाकाजवळचं शहर, पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या घडवणारं. पातं इतकं पातळ की टोमॅटोची फोड पारदर्शक निघायची. गणपतीनंतर घरी सुरमई आली आणि वहिनीने त्याच सुरीने तुकड्या करायला घेतल्या. तिसऱ्या की चौथ्या तुकडीला मधल्या काट्यावर कच्च असा आवाज झाला. उजेडात धरून पाहिलं तर धारेवर अर्धचंद्रासारखा टवका उडालेला, तांदळाच्या दाण्याएवढा. आमच्या काकी बाजूला आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे साफ करत होत्या. त्यांनी सुरीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "ह्येका धार आसा रे झिला, पन हाडाक ह्या टिकणा नाय."

काकींनी रोगाचं नेमकं निदान केलं होतं. जपानी माणूस मासा काट्याच्या कडेकडेने सोलून काढतो, काट्यावर घाव घालत नाही. आपली सुरमईची तुकडी मात्र काट्यासकट आडवी कापलेली हवी. त्या सुऱ्यांचं पोलाद रॉकवेल मापावर ६० ते ६५ इतकं कडक असतं. कडक म्हणून धार बारीक लागते आणि टिकते. पण कडक म्हणूनच हाडावर ते वाकत नाही, तुटतं. जर्मन सुरी साधारण ५४ ते ५८ वर असते. तिची धार लवकर बसते, पण हाडावर ती थोडी दबते आणि निभावून नेते. म्हणून मासे-मटणाच्या घरात एकच परदेशी सुरी घ्यायची असेल, तर माझं मत जर्मनच्या बाजूने. काटा तोडायला कोयती, भाजी-फळं आणि काट्याविना माशाला जपानी, अशी वाटणी घरात पक्की असेल तरच जपानी घ्या. त्यांची देबा नावाची जाड पाठीची मासे कापायची सुरी मिळते. तीही माशाचं डोकं उडवण्यापुरती. तिने नारळ फोडायला जाऊ नका. शिवाय देबाची धार एकाच बाजूला असते, ती उजव्या हाताच्या माणसासाठी. डावखुऱ्यासाठी वेगळी बनते आणि महाग पडते. हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

दुसरा घोळ पोलादाचा. जपानी सुऱ्यांच्या जाहिरातीत पांढरा कागद, निळा कागद अशी नावं भेटतात. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यातून निघणाऱ्या पोलादाच्या लाद्यांवर ज्या रंगाचा कागद असायचा त्यावरून ही नावं पडली. पांढऱ्यात कार्बन आणि लोखंड, दुसरं फारसं काही नाही. निळ्यात थोडं क्रोमियम आणि टंगस्टन. दोन्ही गंजतात. निळ्यात क्रोमियम आहे म्हणजे ते स्टेनलेस, असं सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत. गंज अडवायला क्रोमियम बारा-तेरा टक्के तरी लागतं, निळ्यात ते नाममात्र असतं. कैरी, कोकम, काजूचं बोंड चिरून असं पातं पाच मिनिटं बाजूला ठेवलं की काळं पडायला लागतं. काळसर-निळसर थर आला तर घाबरू नका, तो पात्याला सांभाळतो. तांबूस पूड दिसली की मात्र लगेच पुसा.

आणि पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आषाढ-श्रावणात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. इंटरनेटवर अमेरिकेतला किंवा जर्मनीतला माणूस सांगतो तसं सुरी पुसून ठेवली की झालं, हे इथे चालत नाही. माझा पटाश्यांचा एक संच कातडी गुंडाळीत होता. गुंडाळी देखणी, येणारा-जाणारा हात फिरवायचा. श्रावणात उघडली तर प्रत्येक पटाशीवर कातड्याच्या शिवणीचा ठसा गंजाने उमटला होता. कातडं हवेतलं पाणी धरतं, आणि ते कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला खातात. तेव्हापासून माझी हत्यारं सुती कापडात असतात आणि पेटी चुलीच्या बाजूच्या भिंतीला. तेल कुठलं लावायचं हे लोक फार विचारतात. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला देतात ते. खाण्याच्या सुरीला ते उत्तम. खोबरेलही चालतं, पण ते वरचेवर पुसून पुन्हा लावावं लागतं. अळशीचं तेल लाकडी मुठीला द्या, पात्याला कधीच नको. ते सुकून चिकट पापुद्रा धरतं आणि त्याखाली गंज आरामात वाढतो.

एवढी निगा होणार नसेल तर सरळ स्टेनलेस घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ते पोलाद १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने केलं आणि अर्ध्या जगाची स्वयंपाकघरं सुखी केली. जपानी व्हीजी-१० हे स्टेनलेस असूनही चांगलं कडक होतं. फ्रान्सच्या सावोय भागातला ओपिनेलचा घडीचा चाकू साध्या कार्बन पोलादात आणि स्टेनलेसमध्ये असा दोन्ही प्रकारांत येतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने इनॉक्स, म्हणजे स्टेनलेस, लिहिलेला उचलावा. त्याची लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं उघडता उघडत नाही, हे मात्र गृहीत धरा. स्वीडनचा मोरा चाकू स्वस्त, दिसायला अगदी साधा. नवशिक्याला मी तोच सुचवतो.

आता फसवणुकीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. पात्यावर लाटा-लाटांची नक्षी असली की डमास्कस म्हणून किंमत तिप्पट लागते. मी मागवलेल्या अशाच एका सुरीवर जपानी अक्षरं होती, खोका लाकडी होता, नक्षी तर झकास. दगडावर दहा हात फिरवले आणि दगड लागला तेवढ्या पट्ट्यातली नक्षी साफ गेली. आता इथे नीट लक्ष द्या: खऱ्या थरांच्या पोलादावरही दगडाने नक्षी फिकी पडते. फरक पुढे कळतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किटचे बोर्ड कोरायला फेरिक क्लोराइड वापरतात. हातमोजे घालून त्याचा बोळा फिरवला की खरे थर पुन्हा वर येतात. माझ्या सुरीवर काहीच आलं नाही; ती लेसरने वरवर काढलेली चित्रकला होती. आणि खरी थरांची असली तरी आजची ही पाती दोन-तीन जातींचं पोलाद एकावर एक जोडून केलेली असतात. ज्या जुन्या डमास्कस तलवारींचं नाव जगभर झालं, त्यांचं पोलाद मुशीत वितळवून केलेलं होतं आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण हिंदुस्थानातून, तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतून जायचा.

छापावर तर मुळीच भुलू नका. धावत्या लांडग्याचा छाप मूळ पासाऊच्या लोहारांचा. त्याला भाव आहे म्हटल्यावर सोलिंगनवाल्यांनी तो आपल्या पात्यांवर उठवला. पुढे सोलिंगनच्याच नावाची इतकी नक्कल झाली, की १९३८ मध्ये जर्मनीला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. फ्रान्समधलं लागिओल हे नाव आज कुठल्याही देशातल्या चाकूवर सापडतं. तेव्हा नावाऐवजी घडण बघा. पातं डोळ्यासमोर धरून पाठ सरळ आहे का, मूठ आणि पातं यांच्या सांध्यात फट आहे का, धार मुठीपासून टोकापर्यंत सारख्या जाडीची आहे का. जपानी पटाशीच्या मागच्या बाजूला खोलगट भाग असतो आणि कडेने कडक पोलादाची जोडरेषा दिसते. ती रेषा किंचित वेडीवाकडी असेल तर बहुधा हातची घडण.

सुतारांसाठी दोन शब्द वेगळे. जपानी करवत आणि रंधा स्वतःकडे ओढून चालवायचे असतात, युरोपी हत्यारं पुढे ढकलून. ओढायची म्हणून करवतीचं पान कागदासारखं पातळ ठेवता येतं, आणि ती बनली आहे देवदाराच्या जातीच्या मऊ लाकडासाठी. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्यापासून होत आली, त्या पांगाऱ्यात ती सुरेख चालते. ऐन, किंजळ कापायला घ्याल तर दात उडतील. साग मऊ वाटतो, पण त्यात सिलिका असते, ती धार खाते. आजकालच्या बऱ्याच जपानी करवतींचे दात विजेने कडक केलेले असतात. त्यांना कानस लागत नाही, पान बदलावं लागतं. बदलीचं पान आपल्याकडे मिळतं का, हे करवत घेण्याआधी विचारा. नव्या जपानी पटाशीच्या मुठीवरची लोखंडी कडी सैल येते. तो दोष समजून परत पाठवू नका, ती आपल्या हाताने ठोकून बसवायची असते.

धार लावण्याबद्दल एक माप सांगतो. पातं दगडावर आडवं ठेवा आणि पाठीखाली करंगळी शिरेल इतकं उचला. चार-पाच सेंटिमीटर रुंद पात्याला तो साधारण पंधरा अंशांचा कोन होतो, जपानी सुरीचा. जर्मन सुरीला तर्जनी. दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर बारीक कूस लागेपर्यंत घासा, मग बाजू बदला. दगड मध्ये खोलगट झाला की काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो सपाट करा. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे ही पाती देऊ नका. कोरड्या चाकावर पातं निळं पडलं म्हणजे ते तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. पुढे कितीही घासलं तरी त्या जागी धार उभी राहत नाही.

कायदाही बघून ठेवा. घरकामाची, शेतीची हत्यारं सोडून नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. जुन्या शेफिल्ड सुऱ्यांना हस्तिदंताच्या आणि सांबरशिंगाच्या मुठी सर्रास असायच्या. त्यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अंगाशी येते. विमानाने येताना सुरी हातातल्या बॅगेत नको, सामानात टाका.

आणि जमवायचंच असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते एकदा निवांत बघा. काकासाहेब केळकरांनी लोकांच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये सरकारच्या हवाली केल्या. आमच्या पिंगुळीतही ठाकर कला आंगणात चामड्याच्या बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती ही कला जपण्यासाठी. त्या बाहुल्यांतली जाळी बघा. सोलिंगन, साकाई यांची नावं न घेता ती कातडीत उतरली आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पडवीत आजोबांच्या मुंबईच्या नोकरीतली हत्यारं पडलेली असतील. पटाशीवर 'कास्ट स्टील' असं कोरलेलं दिसलं की लोक ते बिडाचं समजून भंगारात काढतात. ते बीड नव्हे. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफिल्डला बसवलेल्या मुशीच्या पोलादाची ती खूण आहे आणि आज त्या तोडीची पटाशी नवी घ्यायला चांगले पैसे पडतात. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, पितळी ब्रशने घासा, ग्राइंडर लावू नका. तागडीत टाकण्याआधी छाप तेवढा वाचा.