पोस्टाच्या रांगेत पेशवाई

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना पुण्यातला विश्रामबाग वाडा दाखवायचं काम आमच्या घरात माझ्याकडे. आधी नातेवाईक, मग त्यांचे ओळखीचे, मग ओळखीच्यांच्या शाळेतली मुलं. पंधरा-वीस वर्षांत जे शिकलो, ते बहुतेक तोंडावर आपटूनच.

१. आधी रस्ता ओलांडा.
वाड्याच्या दारात उभं राहिलं की वाडा दिसत नाही, दुचाक्या दिसतात. बाजीराव रस्त्याच्या पलीकडे जाऊन कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीशी उभं राहायचं. तिथून तो कोरीव लाकडी सज्जा डोळ्यांत भरतो. दुकानदार "जरा पुढे व्हा" म्हणेपर्यंत चारेक मिनिटं मिळतात. तेवढी पुरतात.

२. खांबापाशी तोंड बंद ठेवा.
सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलाची नक्षी, हे मी आधीच सांगून मोकळा व्हायचो. पाहुणे माना डोलवायचे आणि पुढे सरकायचे. एकदा घसा बसला होता म्हणून गप्प होतो. बरोबर आठ वर्षांची भाची होती. ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आजी भाजीला सोलते ते फूल इथे उलटं टांगलंय!" देठ वर, टोक खाली, एकावर एक बसलेली पानं. मी इतक्या वेळा आलो होतो, पण भाजी कधी आठवली नव्हती. आता नक्षीचं नाव मी पाहुण्यांकडूनच काढून घेतो.

३. बाजीरावावर फुकटचा हशा मिळवू नका.
हा मोह मला बरीच वर्षं सुटला नाही. दुसरा बाजीराव, शनिवारवाडा सोडून इथे राहायला आलेला, दोन लाख रुपये आणि सहा वर्षं घालून बांधलेला महाल, त्याचं नावच विश्रामबाग. एवढं सांगून नुसत्या भुवया उंचावल्या तरी लोक हसायचे. मग १८१८ साली पेशवाई बुडाली, स्वारी ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेली, १८५१ साली तिकडेच संपली. गोष्ट आटोपशीर, टाळ्या हमखास.

एका शाळेच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि त्यानंतर वाड्याचं काय झालं?" मला तेव्हा धड सांगता येईना. घरी येऊन वाचलं तर खरी गोष्ट तिथूनच सुरू होत होती. १८२१ साली इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या पुढाकाराने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली आणि तिला पैसा मिळाला तो पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेच्या निधीतून. पुढे डेक्कन कॉलेज झालं ते या पाठशाळेचंच. मालक जाऊन तीन वर्षं होतात न होतात तोच त्याच्या विश्रांतीच्या जागी पोरं व्याकरण घोकत बसली. पुढे नगरपालिकेची कचेरीही याच वाड्यात कित्येक वर्षं होती. म्हणजे पेशवे राहिले ते दशकभर, बाकी सगळा काळ वाडा कामाला जुंपलेलाच. माझं तर मत असं, की तो टिकला तो त्यामुळेच. रिकामा असता तर कधीच कुणीतरी तिथे चार मजली काहीतरी उठवलं असतं.

४. रांगेतला माणूसही श्रोताच असतो.
पुढच्या भागात तेव्हा पोस्ट होतं. मी दाराशी घोळका जमवून सांगत होतो, "यातलं एकूणएक लाकूड पेशव्यांच्या वेळचं." रांगेतून एक काका, ज्यांचा आमच्या घोळक्याशी काडीचा संबंध नव्हता, पासबुकावरची नजर न काढता म्हणाले, "अठराशे एकोणऐंशीला आग लागली होती. जळालेला भाग लोकवर्गणीतून बांधलाय. नीट सांगा." काकांचं बरोबर होतं. त्या वर्षी मे महिन्यात पेशव्यांचा बुधवार वाडा जळून गेला, त्याच वेळी विश्रामबागही पेटला. हा पुरता जळाला नाही, आणि जळालेला भाग पुणेकरांनी खिशात हात घालून उभा केला. पुणेकरांचा हात खिशातून बाहेर आला, ही बातमी मी आता मुद्दाम सांगतो. काकांच्या मागच्या आजींनी मात्र सुनावलं, "इतिहास बाजूला होऊन सांगा हो, मला रिकरिंग भरायचंय." तेव्हापासून मी दार अडवत नाही.

५. गणपतीच्या दहा दिवसांत नेऊ नका. वाडा सोडा, बरोबरची माणसंही सापडत नाहीत.

६. तुळशीबाग शेवटी.
जवळच्या या बाजारात आधी नेलं तर पाहुणे परत येत नाहीत, आले तरी हातातल्या पिशव्यांमुळे मान वर करता येत नाही. माझी थोरली बहीण तीस वर्षं तिथून टिकल्या, गाळण्या, भातुकलीची पितळी भांडी आणते. एकदा तिला दुकानांच्या मधल्या दारातून आत नेलं. समोर राममंदिर, सभामंडप, वर शिखर. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ साली बांधायला घेतलेलं हे देऊळ. बाहेर भावाची घासाघीस चाललेली, आत कुणीतरी पोथी वाचत बसलेलं.

"अगंबाई, इथे देऊळ आहे होय!" ताई म्हणाली. मग तिने पिशव्या मंडपात टेकवल्या, रामाला हात जोडले आणि यादी काढून काय काय राहिलंय ते बघू लागली.