मुक्त स्रोताचा अधिकार आणि बांधणीची क्षमता : कम्पाइल-त्रुटींचा एक अभ्यास

विकासाच्या अर्थशास्त्रात अधिकार आणि क्षमता यांत भेद केला जातो. शाळाप्रवेशाचा अधिकार कायद्याने देता येतो. शिकण्याची क्षमता मात्र शिक्षक, पुस्तके, पोषण आणि घरचे वातावरण अशा अनेक बाबींतून घडते. प्रा. अमर्त्य सेन यांच्या मांडणीमुळे हा भेद स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही नेमका हाच भेद आढळतो. परवाना आपल्याला मूळ आज्ञावली, म्हणजेच सोर्स कोड, वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार देतो. परंतु त्या कोडपासून चालू शकणारा सर्व्हर प्रत्यक्ष बांधता आला नाही, तर तो अधिकार कागदावरच राहतो. बांधणीच्या वेळी पडद्यावर उमटणाऱ्या त्रुटी हे या क्षमतेचे पहिले परीक्षण होय. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे, संगणक अभियंता नव्हे. तरीही या त्रुटी शांतपणे वाचल्यास त्यांतून तंत्र आणि धोरण या दोहोंचा बोध होतो, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

मुक्त म्हणजे मोफत नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. येथे 'मुक्त' हा शब्द किमतीविषयी नसून वापर, अभ्यास, बदल व वितरण यांच्या स्वातंत्र्याविषयी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्याच प्रकल्पातून १९८७ मध्ये ग्नू सी कम्पायलर पुढे आला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकम्प्युटिंग केंद्रात तयार झालेल्या वेब सर्व्हरचे काम मूळ विकासक सोडून गेल्यावर मंदावले, तेव्हा त्याच्या वापरकर्त्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि १९९५ मध्ये अपाचे वेब सर्व्हर अस्तित्वात आला. १९९९ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली.

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या प्रणालींत मुक्त स्रोत पर्यायाला प्राधान्य द्यावे आणि तो वगळल्यास कारण नोंदवावे, हा त्याचा गाभा. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल कार्यप्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. अशा प्रणालींवर सर्व्हर उभारणाऱ्यास कधी ना कधी मूळ कोडपासून बांधणी करावी लागते.

बांधणीचे चार टप्पे

अपाचे सर्व्हरचे उदाहरण घेऊ. पहिल्या टप्प्यात मूळ कोडचा संकुचित संच उतरवून त्याची स्वाक्षरी व तपासणी-अंक पडताळले जातात. दुसऱ्या टप्प्यात 'कॉन्फिगर' ही आज्ञा संगणकावर कोणती साधने उपलब्ध आहेत, याची पाहणी करते. तिसऱ्या टप्प्यात 'मेक' ही आज्ञा दोन कामे करविते : कम्पायलर प्रत्येक फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर ते तुकडे जोडतो. चौथ्या टप्प्यात 'मेक इन्स्टॉल' या आज्ञेने तयार सर्व्हर त्याच्या जागी बसविला जातो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे लिऑन्टिफ यांचे उत्पादनफल आठवावे. त्यात आदानांचे प्रमाण ठरलेले असते; एक आदान अनुपलब्ध असेल तर इतर आदाने कितीही असली तरी उत्पादन शून्य. सर्व्हरच्या बांधणीचे तसेच आहे. अपाचेला एपीआर, एपीआर-युटिल व पीसीआरई या लायब्ररी लागतात. एपीआर-युटिलला एक्सपॅट लागते. सुरक्षित जोडणी हवी असेल तर ओपन-एसएसएल लागते. म्हणजे आदानांनाही आदाने आहेत. बहुतेक त्रुटी या साखळीतील तुटलेल्या दुव्याच्या निदर्शक असतात.

त्रुटींचे वर्गीकरण

पाहणीतील त्रुटी : 'नो अॅक्सेप्टेबल सी कम्पायलर फाउंड' असा संदेश आल्यास कम्पायलरच बसविलेला नाही. डेबियन कुळातील प्रणालींवर 'बिल्ड-एसेन्शियल' हा संच बसविला की हा प्रश्न सुटतो. त्यानंतर बहुधा 'एपीआर नॉट फाउंड' हा संदेश येतो. यावर दोन उपाय आहेत. एक, प्रणालीच्या भांडारातून एपीआरचा विकास-संच बसविणे. दुसरा, एपीआर व एपीआर-युटिल यांचे मूळ कोड अपाचेच्या 'एसआरसी-लिब' या डिरेक्टरीत ठेवणे आणि 'विथ-इन्क्लुडेड-एपीआर' हा पर्याय देणे. दुसऱ्या उपायात डिरेक्टरीच्या नावात आवृत्ती-क्रमांक राहू देऊ नये. नवशिक्यांचा बराच वेळ या एका बाबीत जातो.

कम्पाइल-त्रुटी : पाहणी यशस्वी होऊनही 'मेक' चालू असता 'एक्सपॅट डॉट एच : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा संदेश येऊन काम थांबते. एपीआर-युटिलच्या जुन्या आवृत्त्यांसोबत एक्सपॅटचा कोड दिला जाई, १.६ या आवृत्तीपासून तो काढून टाकण्यात आला. त्यामुळे जुनी मार्गदर्शिका पाहून काम करणाऱ्यास ही त्रुटी हमखास भेटते. येथे विद्यार्थी गोंधळतात, कारण एक्सपॅट संगणकावर बसविलेले असते. याचे उत्तर सरकारी खरेदीच्या उदाहरणाने देता येईल. हेडर फाइल म्हणजे निविदेतील तपशीलपत्रक आणि लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष माल. सामान्य वापरकर्त्यास केवळ माल पुरतो, म्हणून डेबियनसारख्या प्रणाली तपशीलपत्रक वेगळ्या संचात ठेवतात. डेबियनवर अशा संचाच्या नावाअखेर 'डेव्ह', तर रेड हॅट कुळात 'डेव्हेल' असते. बांधणी करणाऱ्यास दोन्ही लागतात.

जोडणीतील त्रुटी : 'अनडिफाइन्ड रेफरन्स' हा संदेश लिंकरचा असतो. याचा अर्थ तपशीलपत्रक सापडले, पण त्यात नोंदलेला माल पोहोचला नाही. लायब्ररी आज्ञेत नमूद नसणे, तिचा क्रम चुकणे, किंवा हेडर एका आवृत्तीचे व लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असणे, ही याची नेहमीची कारणे होत. शेवटी येणारी 'एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस' ही ओळ केवळ अपयशाची पोच आहे. कारण तिच्या वरच्या ओळींत असते.

आवृत्तीभेदाच्या त्रुटी : ओपन-एसएसएलच्या २०१६ मधील १.१.० या आवृत्तीने आपल्या अनेक अंतर्गत रचना बाहेरील आज्ञावलींसाठी बंद केल्या. त्या रचनांना थेट हात घालणारा जुना कोड 'डीरेफरन्सिंग पॉइंटर टू इन्कम्प्लीट टाइप' या त्रुटीने थांबू लागला. तसेच २०२४ मध्ये आलेल्या ग्नू कम्पायलरच्या १४ व्या आवृत्तीने सी भाषेतील काही जुन्या शिथिल सवयी, उदाहरणार्थ घोषणेवाचून फलन वापरणे, केवळ इशाऱ्याच्या पातळीवरून त्रुटीच्या पातळीवर नेल्या. काल दुर्लक्षिलेला इशारा आज काम बंद पाडतो, हा येथील धडा.

साधनमर्यादेच्या त्रुटी : 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम' असा संदेश आल्यास दोष बहुधा कोडचा नसून स्मृतीच्या तुटवड्याचा असतो. कमी क्षमतेच्या संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालविल्याने असे घडते. 'मेक' या आज्ञेला एका वेळी एकच काम देणे हा यावरील साधा उपाय होय.

निदानाची पद्धत

पहिला नियम असा की, शेवटची नव्हे, पहिली त्रुटी वाचावी. एक हेडर न सापडल्यास त्यापाठोपाठ शेकडो त्रुटी उद्भवू शकतात. त्या परिणाम असतात, कारण नव्हे. समांतर कामे चालू असता संदेश एकमेकांत मिसळतात, म्हणून 'मेक' पुन्हा एकेरी चालवून पहिली त्रुटी वेगळी काढावी. दुसरा नियम : त्रुटी कोणत्या टप्प्यावर आली, हे आधी ठरवावे. पाहणीतील अपयशाचा तपशील 'कॉन्फिग डॉट लॉग' या फाइलमध्ये नोंदलेला असतो. तिसरा नियम : एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. चौथा नियम : आदान किंवा पर्याय बदलल्यावर 'मेक डिस्टक्लीन' करून नव्याने आरंभ करावा, जुन्या पाहणीचे निष्कर्ष शिल्लक राहिल्यास योग्य उपायही निष्फळ वाटतो. पाचवा नियम : बांधणी यशस्वी होऊनही सर्व्हर सुरू होताना 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' असा संदेश आल्यास तो कम्पाइलचा दोष समजू नये. लायब्ररी कोठे आहे, हे प्रणालीस ठाऊक नसते. तिचा मार्ग नोंदवून 'एलडी-कॉन्फिग' चालवावे.

त्रुटी दडपण्याचा मोह

आता खऱ्या धोक्याकडे वळू. आवृत्तीभेदाची त्रुटी दूर करण्याचे दोन सोपे मार्ग सहज सुचतात : ओपन-एसएसएलची जुनी आवृत्ती बसविणे, किंवा कम्पायलरला त्रुटी सौम्य मानण्यास सांगणे. दोन्हींनी काम पुढे सरकते आणि कार्यालयात 'सर्व्हर सुरू झाला' अशी नोंदही होते. परंतु २०१४ मध्ये उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' हा दोष ओपन-एसएसएलच्या जुन्या आवृत्तींतीलच होता. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गोपनीय माहिती बाहेरून वाचता येत असे. जुनी, आधार संपलेली आवृत्ती बसविणे म्हणजे त्रुटीचा खर्च आज टाळून उद्या नागरिकांवर ढकलणे. अर्थशास्त्रात यास बाह्य परिव्यय म्हणतात. सर्व्हरची आवृत्तीच अद्ययावत करणे हा मार्ग अधिक श्रमाचा, पण योग्य आहे.

याचा अर्थ प्रत्येकाने प्रत्येक वेळी मूळ कोडपासूनच बांधणी करावी, असा नाही. प्रणालीच्या भांडारातील तयार संच सुरक्षा-दुरुस्त्यांसह मिळतो. स्वतः बांधलेल्या सर्व्हरच्या दुरुस्त्यांची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मध्ये उपस्थित केलेला, स्वतः करावे की बाजारातून घ्यावे हा प्रश्न येथेही लागू पडतो. विशेष पर्याय, ताजी आवृत्ती किंवा स्वतःचा बदल हवा असेल, तरच बांधणीचा परिव्यय समर्थनीय ठरतो. ती क्षमता संस्थेत असणे मात्र अगत्याचे आहे. कारण ती नसेल तर पुरवठादार बदलण्याचे स्वातंत्र्यही नाममात्र उरते.

विश्वासाचा प्रश्न

मार्च २०२४ मधील एक घटना या संदर्भात अभ्यासनीय आहे. 'एक्सझेड' या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातक कोड आढळला. तो चाचणी-फाइलींत दडविलेला होता आणि बांधणीच्या वेळी त्यास कार्यान्वित करणारा भाग केवळ वितरित संचात होता, सार्वजनिक कोड-भांडारात नव्हता. दूरस्थ प्रवेशास किंचित विलंब लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आल्याने तो उघडकीस आला. घातक भाग घालणाऱ्याने दीर्घकाळ मदत करून प्रकल्पाच्या एकाकी देखभालकर्त्याचा विश्वास संपादन केला होता. संचावरील स्वाक्षरी तो कोणी तयार केला एवढेच सांगते. करणाऱ्याच्या हेतूची ती हमी देत नाही.

सार्वजनिक वस्तूंचा पुरवठा अपुरा राहतो, हा पाठ्यपुस्तकातील सिद्धान्त येथे प्रत्यक्ष दिसतो. मुक्त स्रोत लायब्ररी वापराने झिजत नाही आणि कोणास वगळतही नाही. म्हणूनच तिच्या देखभालीचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न सुटत नाही. ज्या शासनाच्या व उद्योगांच्या सेवा या लायब्ररींवर उभ्या आहेत, त्यांनी मनुष्यबळ व निधी या दोन्ही रूपांनी देखभालीत वाटा उचलणे हे दातृत्व नसून विवेकी गुंतवणूक ठरेल.

समारोप

मुक्त स्रोत धोरणाचे यश परवाना-शुल्कातील बचतीने मोजण्याची प्रथा आहे. हे मापन अपुरे आहे. मूळ कोडपासून सर्व्हर बांधू शकणारे, पहिली त्रुटी वाचून तिचे कारण सांगू शकणारे आणि ती दडपण्याचा मोह टाळणारे किती कर्मचारी एखाद्या विभागात आहेत, हा अधिक सार्थ निकष होय. परवान्यातील अधिकाराचे स्वावलंबनात रूपांतर अशा मनुष्यबळावाचून होत नाही, आणि ते घडविण्याचा खर्च बचतीच्या हिशेबात प्रथमपासूनच धरला पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'मुक्त' आणि 'मोफत' यांतील भेद स्पष्ट करून भारत सरकारच्या २०१५ च्या धोरणाचे महत्त्व सांगा.
२. कम्पाइल-त्रुटी व जोडणीतील त्रुटी यांतील फरक उदाहरणासह लिहा.
३. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरण्याने बाह्य परिव्यय कसा निर्माण होतो?
४. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर ही सार्वजनिक वस्तू आहे काय? देखभालीच्या प्रश्नाच्या संदर्भात चर्चा करा.